कुंदाताईंच्या गाडीचा पिवळा दिवा

आमच्या सोसायटीतल्या कुंदाताई पेडणेकर नवा प्रेशर कुकर घ्यायला गेल्या आणि त्यांनी दुकानदाराला शिट्टी, रबर, हँडल, व्हॉल्व्ह सगळं सुटं करून काउंटरवर मांडायला लावलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, नवा माल आहे, सीलबंद." कुंदाताई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते. उघडून दाखवा."

"उघडून दाखवा" हे त्यांचं पालुपद आहे. छत्री घेताना म्हणतात ते ठीक आहे. पण विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही म्हणतात. दातांच्या डॉक्टरने "आ करा" म्हटलं तेव्हा, "आधी ते मशीन उघडून दाखवा, मग मी तोंड उघडते," असं त्या म्हणाल्या, हे त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टरने दाखवलं, हेही सांगितलं. या बाईला सगळे दाखवतात. मी साधं भाजीवाल्याला एक शेंग सोलून दाखव म्हटलं तर तो म्हणतो, "भाभी, टाइमपास मत करो."

हे सगळं मी कौतुकाने सांगतेय असं कृपा करून समजू नका. मला कुंदाताईंचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका वाटतो. आणि त्याचं कारण म्हणजे आमचे हे.

माझं शिवणकाम घरातच चालतं. ब्लाउज, पेटीकोट, साडीला फॉल-पिको. मशीन पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी आहे आणि खिडकीच्या बरोबर खाली सोसायटीचं पार्किंग. म्हणजे मी मुद्दाम बघते असं नाही. मान वर केली की दिसतं. आता मान किती वेळा वर करायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. तर दर रविवारी सकाळी मान वर केली की मला काय दिसतं? कुंदाताईंच्या लाल गाडीचं बॉनेट वर झालेलं आहे, कुंदाताई पदर खोचून आत वाकल्या आहेत आणि शेजारी आमचे हे, म्हणजे शेखर, भर उन्हात टॉर्च धरून उभे आहेत.

आमच्या बेसिनचा नळ पावसाळ्यापासून गळतोय. त्याच्यावर ह्यांनी एकदाही टॉर्च मारलेला नाही.

कुंदाताई माझ्यापेक्षा वयाने पाच-सात वर्षांनी मोठ्या. मूळच्या मालवणकडच्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, नंतर तळमजल्याच्या घरात एकट्याच. अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्म काढला. आधी तिथे रेडिओ बनायचे, मग टीव्ही, मग कसले कसले बॉक्स. त्या रिटायर झाल्या तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता गावी जाईल, नाहीतर पोथी वाचत बसेल. बाईने मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आमच्या चारकोपच्या गल्ल्या अशा, की समोरून दुसरी रिक्षा आली तर रिक्षावालेसुद्धा आधी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करून घेतात. त्या गल्ल्यांमधून ही साठीची बाई "एल" लावलेली गाडी घेऊन जायची आणि नाक्यावरची माणसं बाजूला होऊन हात करायची. मी त्याच नाक्यावरून पिशव्या घेऊन रोज जाते. बाजूला मलाच व्हावं लागतं.

मग त्यांनी गाडी घेतली. लाल, चकचकीत, नव्या पद्धतीची. मागे घेताना हिच्या आतल्या पडद्यावर मागचं दिसतं, पुढची गाडी फार जवळ आली तर ही स्वतः टुंग टुंग करून सावध करते. पहिल्या दिवशी सगळ्या सोसायटीला पेढे मिळाले. मी पेढा खाल्ला. गोड होता, पण मला गोड लागला नाही.

वर्षही झालं नसेल, एका शनिवारी संध्याकाळी गाडीच्या स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला. सोबत इंग्रजीत एक ओळ, की गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. कुंदाताईंनी सोमवारी दाखवली. लिंक रोडवरचं ते भलंमोठं एसी सर्व्हिस सेंटर. पुढे सोफे, मध्ये काचेची भिंत, काचेवर "ग्राहकांना पुढे प्रवेश नाही". संध्याकाळी गाडी धुऊनपुसून बाहेर आली, दिवा गेलेला.

"काय झालं होतं?" कुंदाताईंनी विचारलं.

"सिस्टीममध्ये एरर होता मॅडम. क्लिअर केला."

"कसला एरर? उघडून दाखवा."

"ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं मॅडम. कस्टमरला दाखवता येत नाही."

"गाडी कोणाची?"

"तुमची."

"मग दुखणं कोणाचं?"

"तुमचंच."

"आणि दुखण्याचं नाव मात्र तुमच्याकडे? माका येडी समाजलास काय रे?"

कुंदाताई मालवणीत शिरल्या की समोरच्याने समजावं, वेळ भरली. पण तो माणूस टाय लावलेला, त्याला काय कळणार. त्याने हसून पाणी दिलं.

पुढच्या शनिवारी दिवा पुन्हा हजर. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा गाडी धुऊन परत, दिवा गायब. शनिवारी पुन्हा दिवा. तेव्हा सेंटरवाल्यांनी सांगितलं की आतला एक अख्खा भाग बदलावा लागेल. कुठला भाग, का बदलायचा, त्यात बिघडलंय काय, हे नाही सांगितलं. कुंदाताई म्हणाल्या, "नाव सांगा, उद्या बदलते. नाव न सांगता मी साधं कुंकूसुद्धा लावून घेणार नाही."

मग त्या गाडी घेऊन आमच्या चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या राजूच्या गॅरेजात गेल्या. राजू जुना मेकॅनिक, आमच्या स्कूटरपासूनचा. त्याने एक छोटं यंत्र गाडीला जोडलं. यंत्रावर एक नंबर आला.

"हा काय नंबर?" कुंदाताई.

"रोगाचा नंबर आहे ताई. पण या नंबरचा अर्थ काय, ते कंपनी आम्हाला देत नाही. त्यांचं पुस्तक त्यांच्याकडे. वायरिंगचा नकाशा पण त्यांच्याकडेच."

"म्हणजे उद्या ती कंपनी बंद पडली, तर माझ्या गाडीला काय होतंय ते जगात कुणालाच कळणार नाही?"

"वाट लागलीय ना ताई आमची," राजू म्हणाला. "पूर्वी बॉनेट उघडलं की गाडी उघडायची. आता बॉनेट उघडतं, गाडी उघडत नाही."

हे वाक्य कुंदाताईंच्या काळजात घुसलं. त्या दिवसापासून गाडीमालकाचा माहितीचा हक्क हा त्यांचा विषय झाला. सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकी धुण्यावर चर्चा चालू होती, तिथे त्या उठून बोलल्या. "टाकीत काय आहे ते आपण झाकण काढून बघतो की नाही? मग ज्याची गाडी त्याला दुखण्याचं नाव, पार्टाचं नाव आणि नकाशा मिळालाच पाहिजे. गावातल्या मेकॅनिकलाही मिळाला पाहिजे. दुरुस्ती कुठे करायची ते मी ठरवीन!" टाळ्या पडल्या. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांनीही वाजवल्या. त्याच सभेत मी कबुतरांच्या घाणीचा विषय काढला होता. तो पुढच्या सभेत घेऊ म्हणाले.

मग त्यांनी सर्व्हिस सेंटरला बसायला सुरुवात केली. भांडायला नाही, नुसतं बसायला. घरून फोल्डिंगचं स्टूल न्यायच्या, सोफा सोडून काचेला चिकटून बसायच्या, आणि दुपारी डबा उघडायच्या. तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा. एसीची खोली, खिडक्या बंद. तिथला एक साहेब म्हणे हात जोडून म्हणाला, "मॅडम, डबा तरी बाहेर खा." कुंदाताई म्हणाल्या, "स्क्रीन उघडून दाखवा, डबा बंद करते."

आणि रविवारी आमच्या पार्किंगमध्ये स्वतंत्र संशोधन. कंपनी सांगत नाही ना, मग आपण शोधू. यात आमचे हे कसे शिरले ते मला अजून समजलेलं नाही. बँकेतून रिटायर होऊन घरात बसलेला माणूस, एका रविवारी कचऱ्याची पिशवी टाकायला खाली गेला तो जेवायच्या वेळेला वर आला. हात काळे, चेहरा लख्ख.

"अगं, आज आम्ही सगळे रिले बघितले."

"रिले म्हणजे काय?"

"ते अजून कळलं नाही. पण बघितले." मग घास हातात धरून म्हणाले, "बाईंचा मुद्दा तात्त्विक आहे."

माझा एकही मुद्दा आजवर तात्त्विक निघालेला नाही. मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर हे पेपरातून मान वर न करता "छान" म्हणतात. आणि परवा गाडीतला एक फ्यूज रुमालात गुंडाळून वर घेऊन आले. "बघ ना, रंग बघ काय सुंदर आहे!" म्हणाले. तो फ्यूज मला चपलेखाली चिरडावासा वाटला. चिरडला नाही, कारण तो कुंदाताईंच्या मालकीचा होता आणि त्यांनी त्याचाही हिशेब मागितला असता.

तुम्ही म्हणाल, या वयात हा कसला मत्सर? बाई ह्यांना शेखरभाऊ म्हणते, तुला वहिनी म्हणते. मान्य. कळतं, पण वळत नाही. मला काही भलता संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण माझ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा जो उजेड मी लग्नानंतर दोन-चार वर्षं बघितला होता, तो आता कुणा दुसरीच्या फ्यूज बॉक्सवर पडत होता, याची तक्रार कोणाकडे करायची?

एकदा त्या माझ्या घरी आल्या आणि माझं शिवणाचं मशीन बघून म्हणाल्या, "वहिनी, आत बघितलंयस कधी? उघडून दाखव." मी नाही म्हणायच्या आत त्यांनी खालचं झाकण काढलं. सगळं सुटं केलं, पुसलं, तेल घातलं, परत जोडलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा बहुतेक जास्तीचा दिला असेल." तेव्हापासून मशीन खडखड वाजतं. मी तक्रार केली तर हे म्हणाले, "आवाज नाही गं, ती लय आहे."

म्हणजे बाईला दुरुस्ती येते असा गैरसमज नको. त्यांनी उघडलेला टेबलफॅन उलटा फिरायला लागला आणि इस्त्री फक्त आडवी धरली तरच तापते. त्यांना फक्त बघायचं असतं. मशीन जोडता जोडता त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "कारखान्यात माझं काम काय होतं, माहितीये? मागचं झाकण बसवायचं, स्क्रू मारायचे आणि वर स्टिकर चिकटवायचा, 'उघडू नये'. उभा जन्म तेच केलं ना. आत काय आहे बघायला थांबले तर सुपरवायझर ओरडायचा, पेडणेकर, लाइन थांबली!" आणि हसल्या. मीही हसले. माझं लक्ष उरलेल्या स्क्रूकडे होतं.

आता शनिवारचं सांगते. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी एक माणूस लिंबू-मिरची विकत येतो. लिंबू, वर हिरव्या मिरच्या, खाली बिब्बा, सगळं तारेत ओवलेलं. दुकानदार घेतात, रिक्षावाले घेतात. हे पूर्वी आमच्या दारासाठी एक घ्यायचे. गाडी आल्यावर काही महिन्यांनी दोन घ्यायला लागले. एक आमच्या दाराला, एक कुंदाताईंच्या गाडीला, पुढच्या जाळीवर मधोमध. मी नीट बघितलं आहे: आमच्या दाराला सुरकुतलेलं लिंबू, गाडीला रसरशीत. मी विचारलं, "त्यांच्या गाडीला कशाला?" तर म्हणाले, "अगं, एकटी बाई, एवढी सुंदर गाडी. कुणाची तरी दृष्ट लागायची."

कुणाची लागणार होती? अख्ख्या चारकोपमध्ये त्या गाडीकडे माझ्याइतकं टक लावून कोणी बघत नव्हतं. म्हणजे माझाच नवरा, माझ्याच नजरेचा उतारा, माझ्याच डोळ्यांदेखत बांधत होता.

माझा कडेलोट झाला तो माझ्या भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. मुलुंडला जायचं होतं, रविवार होता, मी पैठणी नेसून तयार. हे खालून म्हणाले, "तू हो पुढे, मी जेवायला पोचतो. फ्यूज बॉक्स अर्धा उघडा आहे, बाईंना असं सोडून कसं येऊ?" जेवायला पोचले नाहीतच. भावजयीने मला दोनदा विचारलं, "भावोजी कुठे?" काय सांगू? नवरा दिवा विझवतोय म्हणून सांगू?

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता रिक्षा करून मी त्या सर्व्हिस सेंटरला गेले. ठरवलंच होतं. काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या दिव्याचं नाव आज काढून घ्यायचं, गाडी बरी करायची आणि माझा माणूस घरी आणायचा. काउंटरमागे टक्कल पडलेले एक साहेब होते. मी कुंदाताईंचं नाव सांगितलं मात्र, ते खुर्चीतून अर्धे उठले आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघू लागले. बांगड्याचा डबा असेल असं वाटलं असावं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"वहिनी," मी म्हटलं. मला स्वतःलाच नवल वाटलं. "आणि आता स्पष्ट सांगते. त्या बाईंच्या गाडीला काय झालंय ते एकदाचं सांगून टाका. तुमच्या त्या गुपितापायी माझ्या संसाराची वाट लागलीय."

साहेब बावचळले. "अहो, पण सांगितलंय ना त्यांना. नवरात्राच्या आधीच."

"काय सांगितलंय?"

"रोज येऊन बसायच्या. शेवटी वर विचारून आम्ही त्यांना आत नेलं. गाडी धुवायच्या आधीच स्क्रीन लावून दाखवली. समोरच्या जाळीमागे एक रडार असतो, पुढची गाडी ओळखणारा. त्याच्या तोंडासमोर काहीतरी आडवं येतंय, एवढंच होतं. बघितलं तर लिंबू-मिरची. दर वेळी आमची माणसं धुताना ती काढून टाकायची, मग दिवा जायचा. त्या पुन्हा बांधायच्या, पुन्हा दिवा." त्यांनी आवाज खाली आणला. "आम्ही पहिल्याच दिवशी स्क्रीन दाखवली असती तर त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असतं. आमचीपण चूकच. पण गाडीला धोका काही नाही. सावध करणारी ती टुंग टुंग बंद राहते, बस. लिंबू तेवढं बाजूला बांधा म्हटलं. त्या बरं म्हणाल्या."

नवरात्राच्या आधी! म्हणजे त्यानंतरचे सगळे रविवार, ते रिले, तो सुंदर रंगाचा फ्यूज, माझ्या भावाची वास्तुशांत, सगळं नाटक. परतीच्या रिक्षात माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जगाला झाकणं काढायला लावणारी ही बाई स्वतःचं झाकण किती घट्ट लावून बसली होती! रिक्षावाल्याला मी दोनदा म्हटलं, जरा जोरात चालव.

घरी न जाता मी थेट तळमजल्याचं दार वाजवलं. कुंदाताई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात उघडलेला रेडिओ. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ये वहिनी. तुझ्या पायाशी एक स्प्रिंग उडालीय बघ."

मी एकच शब्द उच्चारला. "लिंबू."

त्यांचा हात थांबला. "कोण बोललं?"

"सर्व्हिस सेंटरवाले."

"बघ हं," त्या म्हणाल्या. "गाडी माझी, तर मला सांगायला त्या लोकांनी किती महिने बसवून ठेवलं. आणि तुला पहिल्या झटक्यात सांगितलं." मग स्क्रूड्रायव्हर उचलून, "शेखरभाऊंना सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांग. सांगायलाच पाहिजे. माहिती अशी दाबून ठेवू नये कुणी." पण हे त्या रेडिओकडे बघून म्हणाल्या.

मी भांडायलाच आले होते, जिभेवर सगळं तयार होतं. पण त्याच बोलायला लागल्या.

"त्याच दिवशी सोडत होते गं. तिथल्या तिथे. तार सोडायला बोट घातलं तर काय, टोकं आत वळवलेली आणि जाळीला ओरखडा पडू नये म्हणून तारेला कापडाची पट्टी गुंडाळलेली. तुझ्या फॉलची असेल, पिवळी. इतकं निगुतीने बांधलं होतं त्यांनी. माझा हातच चालेना."

ती पट्टी माझीच होती. आठवडाभर शोधत होते मी.

"आमची आई दृष्ट काढायची ना, ती दोघा भावांची," कुंदाताई म्हणाल्या. "मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, तडतड आवाज यायचा. मी म्हणायचे, माझीपण काढ गो आये. तर म्हणायची, तुझ्याकडे बघण्यासारखा आसा काय, म्हणून लोकांची नजर लागात? वाईट नव्हती ती. खरंच नव्हतं काही. पुढे पण काय होतं? मी झाकण लावायचं, डबा पुढच्या बाईकडे सरकवायचा. माझ्याकडे बघून कुणाला जळावंसं वाटेल, असं कधी झालंच नाही. आणि हा माणूस दर शनिवारी येऊन बांधतो, का, तर मला कुणाची नजर लागू नये. ते मी सोडून टाकू? आणि दिवा विझला तर रविवारी खाली कोण येणार गं? मी बॉनेट उघडून एकटी बघत बसू?"

ह्यांना मी आजवर यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, तुम्हीही बोलू नका.

पण त्या क्षणी मला राग आला होता, तो वेगळाच. इतकी वर्षं मी वरच्या खिडकीत बसून डोळे फोडून बघतेय, आणि ही बाई म्हणते माझ्याकडे कोणी बघत नाही?

"नजर आहे तुमच्यावर," मी म्हटलं.

"कुणाची?"

"माझी."

त्यांना कळेना. मग मी बसले आणि बोलून टाकलं. "तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा कुणाला विचारलं नाहीत. मला साधा पडदा बदलायचा तरी चार जणांना विचारावं लागतं. तुम्ही दुपारी भूक लागेल तेव्हा जेवता. मनात आलं की गाडी काढता, कुठे चाललात ते कुणाला सांगत नाही. पार्किंगमध्ये मोठ्याने हसता, ते माझ्या मशीनच्या आवाजातही ऐकू येतं. मला जळजळ होते कुंदाताई. खरंच होते. कधीकधी रात्रीचं जेवण जात नाही."

कुंदाताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "माझा हेवा? तुला? नवरा, पोरं, घर भरलेलं असताना?"

"सगळं असताना."

"कधीपासून?"

"पेढे वाटलेत तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल."

नवा ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिलेली बाई आधी डावीकडून बघते, मग उजवीकडून, आणि मग तिला हसू आवरत नाही. ते हसू मी रोज बघते. पण साठी उलटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर, ब्लाउजबिउज काही नसताना, ते मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी लुगड्याला हात पुसले, केस कानामागे सारले, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"चहा टाकते," आतून आवाज आला. "साखर किती तुला? आणि बस नीट, घाई करू नको. सगळं पहिल्यापासून सांग."